रेकॉर्डिंग तुटतंय? छत्रीला हात लावण्याआधी एवढं तपासा

नाशिकला आमच्या घरी आईची संध्याकाळची मालिका रेकॉर्ड होते आणि ती दुसऱ्या दिवशी दुपारी, ओटा आवरल्यावर, निवांत बघते. गेल्या वर्षी त्या रेकॉर्डिंगमध्ये मधूनच काळे तुकडे यायला लागले. दोन मिनिटं चित्र, मग चौकोन चौकोन, मग काळोख, आणि परत चित्र येतं तोवर सून घर सोडून निघालेली. तीच मालिका त्याच वेळी समोर बसून बघितली तर मात्र स्वच्छ. "डिशची छत्री हलली असेल, वर जाऊन बघ," हे आईचं निदान. मी गच्चीवर गेलो, छत्री थोडी इकडे, थोडी तिकडे केली, आणि जे चॅनेल बरे दिसत होते तेही घालवून खाली आलो.

दोष छत्रीत नव्हताच. तो कुठे होता ते पुढे येईलच. पण त्यात दोन रविवार गेल्यावर एक क्रम हाताला बसला: टीव्हीच्या बाजूने सुरुवात करायची, वायरीच्या मागे मागे वर जायचं, आणि छत्रीला सगळ्यात शेवटी हात लावायचा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, कारण छत्री दिसते आणि वायरीच्या टोकाची पिन दिसत नाही.

आधी कागद-पेन

दोन-तीन दिवस फक्त टिपून ठेवा. कोणता चॅनेल तुटला, किती वाजता, तेव्हा घरात दुसरा कोणता चॅनेल चालू होता, पाऊस किंवा वारा होता का. एवढ्यावरच अर्धं निदान होतं.

सगळेच चॅनेल सारखे तुटत असतील तर दोष सगळ्यांना लागणाऱ्या जागी आहे: छत्री, एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडून वायरीत सोडणारा डबा) किंवा मुख्य वायर. ठराविक चॅनेलच जात असतील आणि बाकीचे ठणठणीत असतील तर छत्री बहुधा जागेवर आहे. वारा सुटला की चित्र अडकत असेल तर कुठला तरी नट सैल झालाय. रोज दुपारीच बिघडत असेल तर तापलेला बॉक्स किंवा तापून सैल पडलेली पिन. आणि समोर बघताना ठीक, रेकॉर्डिंगमध्येच खराब असेल, तर रेकॉर्डरचा दुसरा ट्युनर किंवा त्याची डिस्क.

हा दुसरा ट्युनर काय ते नीट समजून घ्या. साध्या सेट टॉप बॉक्सला एक ट्युनर असतो, म्हणजे तो एका वेळी एकच चॅनेल पकडतो. एक बघता बघता दुसरा रेकॉर्ड करणाऱ्या बॉक्सला किमान दोन ट्युनर लागतात, आणि जुन्या पद्धतीच्या जोडणीत प्रत्येकाला छत्रीपासून स्वतःची वेगळी वायर लागते. बॉक्सच्या मागे वायर पिळून बसवायच्या दोन गोल पिना शेजारी शेजारी दिसल्या की समजा, तुमचा बॉक्स या जातीचा आहे. फ्री डिशच्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं, पण त्यांत सहसा एकच ट्युनर असतो. तिथे रेकॉर्डिंग चालू असताना भलतंच चॅनेल लावता येत नाही. ही त्या बॉक्सची मर्यादा आहे, बिघाड नव्हे.

मीटर वाचायचं कसं

बॉक्सच्या सेटिंगमध्ये सिग्नलचं पान असतं. तिथे दोन पट्टे दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंथ बघून खूश होतात. पण स्ट्रेंथमध्ये उपग्रहाच्या सिग्नलबरोबर नुसता गोंगाटही मोजला जातो. छत्री शेजारच्यांच्या भिंतीकडे वळवली तरी तो पट्टा बराच भरलेला दिसू शकतो. कामाचा आकडा क्वालिटीचा.

स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी शून्य: वीज एलएनबीपर्यंत पोहोचतेय, पण छत्री चुकीच्या दिशेला आहे किंवा समोर काही आडवं आलंय. दोन्ही शून्य: वायर तुटली, पिनेत शॉर्ट झालं किंवा एलएनबी गेला. दोन्ही कमी कमी: सिग्नल वाटेत गळतोय, म्हणजे वायर किंवा पिन. क्वालिटी एका जागी न थांबता वरखाली नाचत असेल तर काहीतरी हलतंय किंवा कुठेतरी पाणी शिरलंय.

डिजिटलची एक खोड लक्षात ठेवा. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, मग आणखी मुंग्या, आणि तरी बातम्या ऐकता यायच्या. इथे तसं नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ, आणि तिच्याखाली उतरलं की एकदम काहीच नाही. म्हणून आज चित्र छान दिसतंय याचा अर्थ सगळं छान आहे असा होत नाही. तुम्ही कड्याच्या अगदी टोकावर उभे असू शकता, आणि पहिल्या भुरभुरीत खाली.

दोन वायरींची अदलाबदल

हा माझ्या मते सगळ्या लेखातला सगळ्यात उपयोगी पाच मिनिटांचा उद्योग आहे. बॉक्स आधी भिंतीवरच्या बटणाने बंद करा, कारण या वायरीतून एलएनबीला वीज जाते आणि चालू बॉक्सवर पिनेचा शॉर्ट झाला तर बॉक्स दुखावतो. मग पहिल्या इनपुटची वायर दुसऱ्याला आणि दुसऱ्याची पहिल्याला लावा. बॉक्स चालू करून सिग्नलच्या पानावर दोन्ही ट्युनरचे आकडे बघा.

आधी दुसऱ्या ट्युनरचा आकडा कमी होता आणि आता पहिल्याचा कमी झाला, तर दोष वायरीबरोबर सरकला. म्हणजे बॉक्स निर्दोष. वायर, पिन किंवा एलएनबीचं ते तोंड, म्हणजे ती वायर लागते ती जागा, बघायची. कमी आकडा दुसऱ्या ट्युनरलाच चिकटून राहिला, तर बॉक्समध्ये दोष आहे, आणि मग गच्चीवर चढण्यात काही अर्थ नाही. नवीन बॉक्सबरोबर काही वेळा खास एलएनबी असतो आणि एकाच वायरीवर सगळे ट्युनर चालतात. तिथे ही युक्ती लागू पडत नाही.

आमच्याकडे अदलाबदलीनंतर दोन्ही आकडे तेच राहिले. दोन्ही चांगले. इथे मी चक्रावलो.

काळ्या तुकड्यांचा गुन्हेगार

मग मी टिपलेला कागद काढला. रेकॉर्डिंग खराब झालेले दिवस: मंगळवार, शुक्रवार, रविवार. त्या तीन दिवशी बाबा संध्याकाळी घरी होते. बाकीच्या दिवशी ते गोदाघाटावर फिरायला गेले होते. रविवारी मी त्यांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसलो. बाबा बातम्यांवरून क्रिकेटवर गेले, आणि दुसऱ्या दिवशी मालिकेत बरोबर त्याच मिनिटाला काळोख.

कारण असं. उपग्रहाचे चॅनेल दोन गटांत येतात, उभ्या ध्रुवीकरणाचे (लहरी उभ्या थरथरणारे) आणि आडव्या. बॉक्सला उभा गट हवा असेल तर तो वायरीतून साधारण १३ व्होल्ट पाठवतो, आडवा हवा असेल तर १८. एलएनबी त्या हुकमाप्रमाणे गट बदलतो. दोन ट्युनरना दोन वायरी एवढ्यासाठीच लागतात, की दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे हुकूम सोडले तरी भांडण होऊ नये.

त्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा आमची एक वायर तुटली होती. दुरुस्तीला आलेल्या माणसाने नवी वायर ओढायचा कंटाळा केला आणि पोटमाळ्यावर एकाच वायरीला स्प्लिटर लावून दोन फाटे काढून दिले. टीव्ही लागला, सगळे खूश. पण आता दोन्ही ट्युनर एकाच वायरीतून हुकूम सोडत होते, आणि अशा भांडणात जास्त व्होल्ट जिंकतात. बाबांनी १८ वाला चॅनेल लावला की आईची १३ वाली मालिका गेलीच. दोघांचे चॅनेल एकाच गटातले असले की काहीच बिघडायचं नाही, आणि म्हणूनच सिग्नलच्या पानावर दोन्ही आकडे गोंडस दिसत होते.

दोन-ट्युनरच्या रेकॉर्डरला साधा स्प्लिटर चालत नाही. त्याला दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन अखंड वायरी लागतात. तुमच्याकडे वायर कुठे भिंतीत, कुठे लॉफ्टवर नाहीशी होत असेल तर तिथे शिडी लावून बघाच. याच कारणाने आणखी एक खूण लक्षात ठेवा: स्प्लिटर नसतानाही फक्त आडव्या गटाचे चॅनेल जात असतील, तर १८ व्होल्ट वरपर्यंत पोहोचत नाहीत. लांबलेली हलकी वायर किंवा गंजलेली पिन हे त्याचं नेहमीचं कारण.

पिना आणि वायर

घरातल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे घाई करू नका. बॉक्स बंद, आणि एकेक पिन पिळून बाहेर काढा. मधली तांब्याची तार चकचकीत आणि सरळ हवी, पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर डोकावणारी. ती काळपट किंवा हिरवट असेल तर पाणी शिरलंय. बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तारेला टेकली तरी शॉर्ट होतो. ही केसाएवढी तार डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसते.

छत्रीकडची पिन काढाल तेव्हा ती उलटी धरून झटका. आमच्या शेजाऱ्यांच्या पिनेतून पाण्याचा थेंब पडला होता, तोही ऐन दिवाळीत, पाऊस थांबून महिना झाल्यावर. वायरीच्या आवरणाला वर कुठेतरी चीर गेली की पाणी जाळीतून झिरपत खालपर्यंत येतं. अशी वायर वाळवून वापरता येत नाही. जाळी हिरवी-काळी दिसते तिथून मागे चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. दोन फूट कापूनही काळंच असेल तर पूर्ण वायर बदला.

नवी पिन बसवताना बाहेरचं आवरण साधारण सेंटिमीटरभर सोला, जाळी मागे दुमडा, आतलं पांढरं आवरण कापा आणि पिन घट्ट पिळून बसवा. पांढरं आवरण पिनेच्या तळाशी सपाट टेकलं पाहिजे. वायर आरजी-६ जातीची घ्या. केबल टीव्हीची उरलेली जुनी वायर चालवून घेऊ नका. एलएनबीकडून येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि तिथे हलकी वायर फार गळते. याच पट्ट्यात मोबाइलच्याही काही लहरी येतात. जवळ टॉवर असेल आणि वायरीची जाळी विरळ असेल तर नेमके काही चॅनेलच तुटतात आणि माणूस वेडा होतो. मधे सांधे ठेवू नका; प्रत्येक सांधा म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तक्रार.

एलएनबीपाशी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकेल, पिनेत जाणार नाही. पिनेवर रबरी टेप ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप नाशिकच्या एप्रिलमध्ये चिकट होऊन सुटते.

डिस्कचा संशय

क्वालिटीचा आकडा भक्कम आणि तरी रेकॉर्डिंग अडखळतं, तर तेच रेकॉर्डिंग दोनदा लावा. अडखळण्याची जागा दर वेळी बदलत असेल तर सिग्नलला दोष देऊ नका. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह वेळेवर वाचलं जात नाहीये. जागा तीच असेल तर ते लिहितानाच बिघडलंय, मग सिग्नल किंवा डिस्कचा खराब भाग, दोन्ही शक्य. पेन ड्राइव्ह बदलून एक तासाचं रेकॉर्डिंग करून बघा. बाहेरची हार्ड डिस्क बॉक्सच्या पोर्टवर चालवत असाल तर तिला तिथली वीज अपुरी पडते का तेही बघा, यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअरच देतो. अर्ध्यात बंद पडणारी डिस्क हे त्याचं लक्षण.

बॉक्स काचेच्या बंद कपाटात ठेवू नका. आणि रात्री झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असेल तर पहाटेचं रेकॉर्डिंग कुठे गेलं हे विचारू नका.

मग गच्ची

इथवर काही सापडलं नाही तरच वर जा. पावसात, विजा चमकताना किंवा एकट्याने नको, आणि वरून महावितरणची तार जात असेल तर लोखंडी शिडी अजिबात नको.

पहिला प्रश्न: समोर काय आडवं आलंय? इथे एक फसगत होते. आपल्या छत्र्या तिरप्या घडणीच्या असतात, त्या जितक्या वर बघताना दिसतात त्याहून वीस-बावीस अंश जास्त वर बघत असतात. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नाशिकहून तो क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर आणि उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १३४ अंशांवर, म्हणजे जवळपास थेट आग्नेयेला येतो. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उभं राहून नाशिकरोड स्टेशनकडे तोंड केलंत की तीच दिशा. टाटा प्लेचे उपग्रह ८३ अंशांवर. ते दक्षिणेकडे जास्त झुकलेले, १५५ अंशांच्या आसपास, आणि उंच, ६४ अंशांवर. एअरटेलचा १०८.२ अंशांवर, तो जेमतेम ४५ अंश उंच आणि ११६ अंशांच्या दिशेला, म्हणजे डिसेंबरच्या शेवटी सूर्य उगवतो साधारण तिकडे. म्हणून सिडकोतल्या रो-हाउसमध्ये शेजाऱ्याने वाढीव मजला चढवला की एकाची छत्री आंधळी होते आणि दुसऱ्याची चालू राहते.

आडकाठी आहे की नाही हे सूर्य फुकटात सांगतो. दर वर्षी १२ मार्च आणि २ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य नाशिकहून बघताना नेमका उपग्रहाच्या मागून जातो. फ्री डिशसाठी ही वेळ ऑक्टोबरात सकाळी अकराच्या जरा आधी, मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास. ८३ अंशांसाठी ऑक्टोबरात पावणेबारा, मार्चमध्ये बारा. त्या वेळी काही मिनिटं सिग्नल जातोही, कारण सूर्याचा गोंगाट थेट एलएनबीवर पडतो. घाबरू नका, आपोआप येतो. पण त्याच मिनिटांत छत्रीकडे बघा. तिच्यावर आंब्याच्या फांदीची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडली असेल, तर उपग्रहाच्या वाटेतही तीच फांदी आणि तीच टाकी आहे. ऑक्टोबरात फांदी लांब असली तरी जूनपर्यंत ती किती वाढेल त्याचा हिशेब धरा; ओली पानं कोरड्या पानांपेक्षा सिग्नल जास्त खातात.

आता नट. छत्रीचा काठ हलकेच धरून बघा. खुळखुळ वाटली तर पायाचे आणि कोनाचे नट आवळा, बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. एलएनबीच्या छत्रीकडच्या बाजूचं प्लास्टिकचं झाकण तडकलंय का आणि आत कोळ्याने किंवा गांधीलमाशीने घर केलंय का ते बघा. एलएनबी पकडीत तिरका बसवलेला दिसेल. तो मुद्दाम तिरका असतो, आणि उपग्रह जितका पूर्वेला तितका जास्त. "वाकडा दिसतोय" म्हणून सरळ करू नका.

फिरवायचीच वेळ आली तर आधी मार्करने सध्याच्या जागेवर रेघा मारा. मी त्या मारल्या नव्हत्या, म्हणून माझा एक रविवार गेला. खाली कुणाला तरी टीव्हीसमोर बसवून फोन चालू ठेवा आणि फक्त क्वालिटीचा आकडा वाचायला सांगा. "आलं आलं, गेलं गेलं" असं नको, आकडा. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते, आणि काठावर पाच मिलिमीटर म्हणजे साधारण एक अंश. तेव्हा नखभर सरकवा, तीन-चार सेकंद थांबा, कारण मीटर मागून येतं, आकडा ऐका, मग पुढचं नख. सगळ्यात मोठा आकडा ओलांडून पलीकडे थोडं जा, आणि परत मधोमध या. आधी डावं-उजवं, मग वर-खाली, मग नट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. एकच नट पूर्ण आवळला की छत्री तिकडे ओढली जाते.

मुसळधार पावसात पाच-दहा मिनिटं सिग्नल गेला तर ते चालायचंच, त्या लहरींना पाण्याचे जाड थेंब सहन होत नाहीत. इगतपुरी-त्र्यंबककडच्या मंडळींनी मोठी छत्री लावावी आणि मालिकेचं रात्रीचं पुन्हा प्रक्षेपणही रेकॉर्डिंगला टाकून ठेवावं. संक्रांतीचंही एक सांगतो. येवल्यालाच काय, आपल्या गच्चीवरही पोरं पतंग उडवतात. मांज्याने सिग्नल अडत नाही, पण पतंगामागे धावणारा आधाराला छत्रीच धरतो. सोळा जानेवारीला एकदा आकडा बघून घ्या.

माणूस बोलवायचा असेल तर

फोनवर "टीव्ही दिसत नाही" असं सांगू नका. "दुसऱ्या ट्युनरची क्वालिटी कमी आहे, वायरींची अदलाबदल केली की दोष वायरीबरोबर सरकतो," असं सांगा; मग येणारा माणूस वायर आणि पिना घेऊन येतो. तो गच्चीवरून उतरण्याआधी दोन वेगवेगळ्या गटांचे चॅनेल लावायला सांगा, एक बघत आणि एक रेकॉर्ड करत, आणि दोन्ही ट्युनरचे आकडे त्याच्यासमोर वाचा. ते आकडे तारखेसह टीव्हीच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवा. आमच्या दारावर आता सात ओळी आहेत, आणि शेवटच्या ओळीपुढे आईने लिहिलंय, "मालिका पूर्ण दिसली."